अकरा पावलं

लिफ्ट चौथ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये कुठेतरी होती, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी आपला फोन त्याच्या नाकासमोर धरला. "बघा, तुमची सिंहीण! काल दुपारी काढला. मध्ये काही नाहीच असं वाटतं की नाही?" त्याच्या एका हातात लेकीचं दप्तर होतं आणि दुसऱ्या हातात लेक, त्यामुळे फोन बाजूला सारायची सोय नव्हती. त्यानं पाहिलं. सिंहीण वारुळावर उभी होती. त्यानं सिमेंटनं बांधलेल्या, तांबड्या मातीनं रंगवलेल्या वारुळाच्या अगदी माथ्यावर, पुढचे दोन्ही पाय जुळवून. पहिल्या क्षणी त्याला इतका आनंद झाला की तो लिफ्टमध्येच हसला. मग त्याला फोटोच्या खालच्या कोपऱ्यातली कठड्याची पट्टी दिसली. तिचे डोळे त्या पट्टीच्या वर होते. फोटो काढणाऱ्या मास्तरांच्या डोळ्यांच्याही वर.  "बाबा, हात दुखतोय," लेक म्हणाली, तेव्हा त्याला कळलं की आपण तिची बोटं आवळली आहेत. "आज आम्हीपण बघणार," लेकीनं मास्तरांना सांगितलं. "आमची सहल आहे. अकरा वाजता. बाबांचा माळ बघायला." मास्तर म्हणाले, वा वा. लिफ्टचं दार उघडलं आणि ते दोघं बाहेर पडले, तो मात्र आतच राहिला. लेकीनं मागे वळून हाक मारली, तेव्हा त्यानं दारात पाय घातला.

शाळेच्या बसमध्ये तिला चढवताना तो काहीतरी विनोद करत होता. घाबरला की हा फार विनोद करतो, असं त्याची बायको म्हणते आणि ते खरं आहे. बसच्या काचेला नाक लावून लेकीनं सिंहिणीसारखा जबडा वासला. पुढचा एक दात पडलेला होता. बस गेली. आता तिला थांबवायला हवं होतं, हे त्याला बस वळणावर दिसेनाशी झाल्यावर सुचलं. पण थांबवून सांगणार काय? जाऊ नकोस? चाळीस मुलं जाणार आणि फक्त आपली तेवढी जाणार नाही? असा बाप व्हायची त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली.

प्राणिसंग्रहालयात त्याला सगळे गवतवाले म्हणत. परदेशातल्या उघड्या माळांसारखे माळ जनावरांसाठी उभे करायचे, हे त्याचं काम. कंबरेइतकं कुसळी गवत, छत्रीसारख्या पसरट बाभळी, तापलेले खडक, वारुळं. आणि यातलं खरं किती, खोटं किती ते बघणाऱ्याला कळता कामा नये. भिंत दिसता कामा नये, म्हणून कठड्याच्या आत सात मीटर रुंद खंदक आणि त्याच्या दोन्ही कडांना गवत, म्हणजे लांबून सगळा एकच माळ वाटतो. दृष्टीआड सृष्टी हा त्याचा धंदाच होता म्हणा ना. हा माळ त्यानं एका म्हाताऱ्या होत चाललेल्या सिंहिणीसाठी बांधला होता. ती नऊ वर्षं सिमेंटच्या खोलीत राहिलेली होती. खोली लांबीला अकरा पावलं. मनुष्याची नव्हे, तिची. ती अकरा पावलं चालायची, वळायची, अकरा पावलं चालायची. वळताना तिचा डावा खांदा भिंतीला जिथे घासायचा तिथला रंग उडून गुळगुळीत तुकतुकीत जागा झाली होती. तो पहिल्यांदा तिला बघायला गेला तेव्हा त्यानं तासभर नुसती ती जागा बघितली आणि घरी येऊन जेवला नाही. या बयेला आपण माळ देऊ, असं तो त्या रात्री बायकोला म्हणाला होता. बायको म्हणाली, "तिला नको असेल तर?"

आणि बायकोचंच खरं झालं. माळ तयार झाला, दार उघडलं, आणि अकरा दिवस सिंहिणीनं उंबऱ्याबाहेर पाय टाकला नाही. गवत हललं की ती मागे सरायची. वाऱ्याला घाबरायची, कुसळांना घाबरायची, डोक्यावर छप्पर नाही याला तर फारच घाबरायची. बाराव्या दिवशी ती बाहेर आली. दारापासून सरळ अकरा पावलं चालली, उघड्या हवेत डावा खांदा घासल्यासारखा कलवून वळली, आणि परत दारापर्यंत गेली. मोकळ्या माळात तिनं आपली खोली घालून घेतली होती. चार महिन्यांत गवतात तेवढीच एक वाट पडली. लोक तक्रार करायचे की सिंहीण लांबूनच दिसते. तो रोज सकाळी कठड्याशी उभा राहून मनात म्हणायचा, बारावं टाक. बाई माझे, एकच. बारावं टाक.

हे सगळं त्यानं मागितलं होतं, बसस्टॉपवर उभ्या उभ्या त्याला आठवलं. आणि तरीही वारूळ तीन पावलं पुढे सरकवताना त्यानंच मान हलवली होती. आराखड्यात वारूळ खंदकाच्या कडेपासून आठ पावलांवर होतं. पण कठड्यावरून बघताना मागचं, तिच्या खोलीचं जुनं लोखंडी दार उघडं पडायचं. एवढ्या सुंदर माळात ते दार म्हणजे नव्या सदऱ्याला पडलेला डाग. वारूळ तीन पावलं पुढे घेतलं की दार बरोबर त्याच्या आड जायचं. आराखड्यापासून एक पाऊल हललं तरी तांबड्या शाईनं नोंद करायची आणि दोघांच्या सह्या घ्यायच्या, असा नियम होता. तो त्यानंच घालून दिलेला होता. त्या दिवशी सिमेंट कालवून तयार होतं, गवंडी खोळंबले होते. शेजारी सिंहिणीचा राखणदार उभा होता. त्याला सगळे मामा म्हणत आणि सिंहिणीला मावशी, त्यामुळे ही भावंडंच आहेत असं सगळे चेष्टेनं म्हणत. "मामा, चढेल का ही वर?" त्यानं विचारलं होतं. मामा हसले. "ही? हिनं बारावं पाऊल टाकलं ना, तर मिशा काढीन." दोघंही हसले. आणि वारूळ पुढे सरकलं. तिच्यासाठी माळ बांधणाऱ्यानं, ती कधी माळावरची होणारच नाही या भरवशावर, वारूळ पुढे सरकवलं. हा विचार त्याला आज पहिल्यांदा शब्दांत सापडला. भीतीत शरमेची भर पडली की भीती पोटातून हलत नाही.

बस आली, गेली. तो चढलाच नाही, चालत निघाला. त्याचे वडील गवंडी होते. ते म्हणायचे, डोळ्यावर भरवसा टाकू नकोस, ओळंबा धर. पण त्यांनीही एकदा ओळंबा न धरता एक भिंत उभी केली होती. एका कारखान्याच्या आवाराची, रस्त्यालगतची. भिंत बाहेर कलली होती. बोटभर, फार तर दोन बोटं. कुणाच्या लक्षात आलं नाही आणि वडिलांनी कुणाला सांगितलं नाही. मात्र त्या दिवसापासून ते त्या रस्त्यानं गेले नाहीत. बाजारात जायला, दवाखान्यात जायला, मुलाला शाळेत सोडायला, सगळीकडे लांबचा वळसा. लहानपणी त्याला वाटायचं वडिलांना चालायची हौस आहे. जोराचा वारा सुटला की वडील घरात येरझाऱ्या घालायचे. भिंत काही पडली नाही. अजून उभी आहे, तिच्यावर पोरं क्रिकेटची यष्टी रंगवतात. पण शेवटच्या आजारात, बायकोमुलांची नावं विसरल्यावरसुद्धा, वडील त्याला विचारायचे, "भिंत आहे ना?" तो म्हणायचा, आहे. "खाली कोणी उभं नाही ना?" तो म्हणायचा, कोणी नाही. भिंत पडली असती तर ते एकदाच घाबरले असते. ती पडली नाही म्हणून तीस वर्षं घाबरले. चालता चालता त्याच्या लक्षात आलं की आपणही मघापासून नेहमीचा रस्ता सोडून वळसा घालून चाललो आहोत.

तो पोचला तेव्हा साडेनऊ झाले होते. फाटक दहाला उघडायचं. तो थेट कठड्याशी गेला. थंडी पडलेली होती, गवतावर दव होतं, आणि वारुळावर मावशी पसरली होती. उभी नव्हती, निवांत पसरली होती, पोटाखाली ऊब घेत. त्याला एकदम सगळं समजलं. वारुळाच्या माथ्यात त्यानं गरम तारेचं वेटोळं घातलं होतं, जनावर लोकांना जवळून दिसावं म्हणून. हेही त्याचंच कसब. आणि परवा थंडी पडली तेव्हा त्यानंच, स्वतःच्या बोटानं, त्याचं बटण दाबलं होतं. चार महिने जे गवताला जमलं नाही, आकाशाला जमलं नाही, ते एका उबदार दगडानं दोन दिवसांत केलं. तो कठड्याला धरून उभा राहिला. मध्ये खंदक होता, पण वारुळाच्या माथ्यावरून तिला खंदक नुसता खाली दिसत असणार, एखाद्या गटारासारखा. तिनं डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. नऊ वर्षं तिनं कुणाकडे पाहिलं नव्हतं. माणसांमधून आरपार बघायची. आता ती त्याच्याकडे बघत होती, आणि त्याला बघितलं जाणं सोसेना.

"आली की नाही बया वर!" मागून मामा आले. डोळे भरलेले होते आणि हात मिशांवर होता. "काल दुपारपासनं तिथंच. साहेब, मी रात्री झोपलो नाही आनंदानं."

"मामा, वारूळ तीन पावलं पुढे आहे."

मामांचा हात मिशांवरच थांबला. त्यांना आठवलं. आठवलेलं त्यांना नको होतं, हे चेहऱ्यावर लख्ख दिसलं. "असू दे की," ते हळू आवाजात म्हणाले. "म्हातारी आहे. उडी मारायचं तिच्या डोक्यात तरी येईल का?"

"बारावं पाऊल टाकायचंही तिच्या डोक्यात येणार नव्हतं."

"हे बघा, झाकली मूठ आहे. तुम्ही आत्ता आत जाऊन बोललात तर काय होईल? मावशीला आत घेतील. मग चौकशी, मग समिती. वर्ष जाईल. वर्षभर ती परत अकरा पावलं चालणार. आणि पुढच्या खेपेला नाही यायची बाहेर. मी सांगतो तुम्हाला, नाही यायची. एकदा फसवलेलं जनावर दुसऱ्यांदा दारावर विश्वास ठेवत नाही." त्यांनी त्याच्या दंडाला धरलं. "मी विनवतो तुम्हाला. आज रात्री ती आपणहून आत आली की तार बंद करू. आपण दोघंच. कुणाला कळणार नाही."

किती सोपं होतं. त्याच्या अंगातून सुटकेची एक लाटच गेली. आज रात्री. फक्त आजचा दिवस. आणि आजच्या दिवसात अकरा वाजता ज्या चाळीस टोप्या या कठड्याशी येतील, त्यातली एक. तो हो म्हणणार होता. खरं तर त्यानं तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात खंदकावरून एक कबुतर गेलं, खाली, सावकाश, कठड्याच्या दिशेनं. मावशी उठली नाही. तिनं फक्त मागचे पाय पोटाखाली घेतले आणि तिचा पार्श्वभाग डावीकडे उजवीकडे हलला, दोनदा, तीनदा, मांजर उंदरासाठी दबा धरताना हलतो तसा. नजर कबुतराबरोबर खंदक ओलांडून कठड्यापर्यंत आली. तिथे कबुतर बसलं, त्याच्या हातापासून वीतभर. मावशी त्या वीतभर जागेकडे बघत राहिली. मग तिनं पाय सैल सोडले. मामांनी त्याचा दंड सोडला होता. दोघांनीही पाहिलं होतं, आणि आता पाहिलं नाही असं दोघांनाही म्हणता येणार नव्हतं.

संचालकबाईंच्या खोलीपर्यंतची वाट तो धावला. दारात त्याला एक विनोद सुचला आणि तो त्यानं गिळला. "वारूळ चुकीच्या जागी आहे," तो म्हणाला. "मी हलवलं. नोंद केली नाही. ती वर चढली आहे, आणि तिथून ती येऊ शकते." बाईंनी चष्मा काढला. "येऊ शकते की येईल?" "मला माहीत नाही." "चार महिन्यांत तुम्हाला हे आजच दिसलं?" "ती चढणार नाही असं मी धरून चाललो होतो." बाईंनी चष्मा परत चढवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "तिच्यासाठी माळ मागायला याच खोलीत आला होतात तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि फाटक बंद ठेवायचा फोन करायला वळल्या. दुसऱ्या फोनवर त्यांनी बंदुकीच्या माणसाला बोलावलं. तोवर बंदुकीचा विचार त्याच्या मनाला शिवलाही नव्हता.

मामांनी जेवणाचं पातेलं वाजवायला घेतलं. नऊ वर्षं या आवाजाला मावशी आली नाही असं झालं नव्हतं. मामा वाजवत राहिले, हाका मारत राहिले, आधी लाडानं, मग कळवळून. मावशीनं एकदा कान फिरवला आणि हनुवटी पंजांवर टेकली. उबेतून उठायची तिला गरजच वाटत नव्हती. बंदुकीचा माणूस कठड्याशी येऊन एका गुडघ्यावर बसला. तो सभ्य माणूस होता, त्यानं कुणाकडे पाहिलं नाही. तेव्हा यानं पळत जाऊन मागच्या खोलीतलं तारेचं बटण बंद केलं. दगड थंड झाला की ती उतरेल. पण दगड त्यानं चांगला बांधला होता, ऊब धरून ठेवणारा, त्याचा त्याला केवढा अभिमान होता. तो त्या अंधाऱ्या खोलीत बटणापाशी बसून राहिला. बाहेर फाटकाशी मुलं आल्याचा गलका ऐकू आला. शाळेच्या बाई त्यांना रांगेत गाणं म्हणायला लावत होत्या. चाळीस गळ्यांतून त्याला लेकीचा गळा वेगळा काढता येईना आणि त्याची त्याला भयंकर भीती वाटली, की वेळ आली तर तिची किंकाळीही मला वेगळी ओळखू येणार नाही. तो देवाला फारसा मानत नव्हता. त्यानं दगडाला विनवलं. गार हो. बाबा रे, गार हो. चार महिने पुढे ये म्हणून विनवलेल्या जनावराला आता मागे जा म्हणून विनवायचं, हेही त्याच्याच वाट्याला आलं होतं. घड्याळात चाळीस मिनिटं गेली. वडिलांची तीस वर्षं कशी गेली असतील ते त्याला त्या चाळीस मिनिटांत कळलं.

मग मामांची शिट्टी झाली आणि लोखंडी दार पडल्याचा आवाज आला. मावशी आत गेली होती, तिच्या मर्जीनं, आळस देत.

माळात शिरण्याआधी आपला पितळी बिल्ला दाराशेजारच्या फळीवर टांगायचा, म्हणजे आत माणूस आहे हे बाहेरच्यांना कळतं. बिल्ला तिसऱ्या खेपेला खिळ्यावर बसला. त्याला आत जायची गरज नव्हती, पण जायला हवं होतं. गवतातून, तिच्या वाटेवरून, तो चालत गेला. वाट संपली. पुढे नवीन दबलेलं गवत होतं, वारुळाकडे जाणारं, एकाच रांगेत. तो चढला. माथा अजून कोमट होता आणि त्याला सिंहिणीचा उग्र वास येत होता. तो उभा राहिला आणि समोर बघितलं. खंदक नव्हताच. म्हणजे होता, पण इथून तो आड येत नव्हता; गवत, मग गवत, मग कठडा, इतकंच. भिंत दिसू नये म्हणून केलेलं त्याचं सगळं कसब इथून पूर्ण झालं होतं. एवढी उडी तर मीसुद्धा मारेन, असं त्याच्या मनात आलं. तो खाली बसला, नेमका जिथे ती बसायची तिथे. तेवढ्यात मुलांना आत सोडलं. ती धावत कठड्याशी आली आणि चाळीस चेहरे त्याच्यासमोर उगवले. इतके जवळ, की लेकीच्या पडलेल्या दाताची खिडकी त्याला दिसली.

"बाबा!" ती ओरडली. सगळी मुलं हसली. "बाबा, तुम्ही काय करताय तिथे? सिंहीण कुठाय?"

"आत आहे."

"का?"

विनोद करायला याहून सोयीची जागा नव्हती. शाळेच्या बाई, संचालकबाई, बंदुकीचा माणूस, सगळे ऐकत होते. "माझं चुकलं म्हणून," तो म्हणाला. आवाज फाटला, म्हणून त्यानं परत सांगितलं. "हे वारूळ मी चुकीच्या जागी बांधलं. तिचं काही चुकलं नाही."

 लेकीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. बाप काहीतरी खरं बोलतोय हे तिला कळलं होतं आणि ते तिला आवडलं नव्हतं. तिनं शेजारच्या मुलीचा हात धरला. त्याला वाटलं, आता ही कायम मला अशीच आठवणार, वारुळावर उकिडवा बसलेला, घाबरलेला. असू दे. निदान कशाला घाबरलेला ते तिला माहीत असेल.

मागे लोखंडी दाराआड मावशी होती. त्यानं कान दिला. आता ती पावलं सुरू होणार, सिमेंटवर नखांचा तो कोरडा आवाज, अकरा, वळण, अकरा. मामाही दाराशी कान लावून तेच ऐकायला उभे होते. ते ऐकू येऊ नये असं वाटून त्यांनी डोळे मिटले होते. पावलं आली नाहीत. बराच वेळ काहीच आलं नाही. मग दारावर एक धडक बसली, पूर्ण अंगाची, आणि अख्ख्या माळावर तो आवाज पसरला. मुलं किंचाळली. बाभळीवरची कबुतरं उडाली. दुसरी धडक बसली, पहिलीपेक्षा जोरात. तिला बाहेर यायचं होतं. मामांनी डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिलं आणि दोन बोटांनी मिशांवर कात्री चालवून दाखवली. ते रडत होते. त्याला इतकी भीती वाटली होती की वारुळावरून उतरताना त्याला हातांचा आधार घ्यावा लागला. तो दाराजवळून गेला, बिल्ला काढून घेतला आणि वारूळ फोडायला गवंड्यांकडे घण मागायला निघाला.